माझ्यात पाणी कोणी ओतले?

मी एक जुनी टांगती टोपली आहे. तारेची. आत काथ्याचे अस्तर, वर तीन साखळ्या, आणि त्या तिघींना एकत्र धरणारी एक कडी. ती कडी तिसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद गॅलरीच्या छतातल्या हुकात अडकवलेली आहे. मित्रांनो, एवढे तुम्हाला सांगायला हरकत नाही. पुढचे सांगावे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

तुमच्या हातात ग्लास आहे का? असेल तर खाली ठेवा. आधी ऐका.

माझी साक्ष कितपत धरावी

टांगलेल्या वस्तूला दोनच गोष्टी नीट कळतात. एक आवाज, दुसरे ओझे. नजर आहे, पण ती आपल्या ताब्यात नाही. वारा आला की मी फिरते. एका क्षणी खोली दिसते, दुसऱ्या क्षणी रस्ता. काही महत्त्वाचे घडत असते तेव्हा मी नेमकी रस्त्याकडे तोंड करून असते. वरचे तर मला कधीच दिसत नाही.

ओझ्याचेही खरे सांगते. एकदम पडले तर कळते. थेंबाथेंबाने वाढले तर कळत नाही. तुमची उंची वाढते ती तुम्हाला तरी कुठे कळते? दाराच्या चौकटीवर कोणी पेन्सिलीने खूण केली असेल तरच. म्हणून माझ्या साक्षीतले सगळेच खरे मानू नका. मीही मानत नाही.

जन्म

तारकाम करणाऱ्या एका माणसाने मला बनवले. त्या दिवशी मेहुण्याशी त्याचे वाजले होते, आणि त्या रागात माझी एक साखळी एका कडीने आखूड झाली. त्याने मला उचलून बघितले आणि तो म्हणाला, "चालतंय. टांगल्यावर कोण बघतंय!"

तेव्हापासून मी तिरकी लटकते. बाकीच्या टोपल्यांना जग सरळ दिसते. मला ते जरा कलंडलेले दिसते, आणि कलंडलेल्या गोष्टीवर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. संशय हा माझा स्वभाव नाही, मित्रांनो. ती माझी बांधणी आहे.

पहिली नोकरी

डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकांच्या वर. माझ्यात नेचा लावला होता, हिरवागार, झालरीसारखा. सुरुवातीला माझे काय कौतुक! "किती प्रसन्न वाटतं," असे येणारा प्रत्येक जण म्हणायचा.

मग प्रत्येकाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब पडायचे आणि तासभर त्याला सगळे धूसर दिसायचे. नेमक्या त्या तासात त्याला माझी दया यायची. "बिचारी सुकलीय हो," असे म्हणत, ज्याला समोरची अक्षरे दिसत नव्हती तो माणूस आपल्या बाटलीतले उरलेले पाणी माझ्यात ओतायचा. त्याच्यामागून दुसरा. दिवसाला असे वीस-पंचवीस दयाळू.

एकामागून एक तीन नेचे कुजले. कंपाउंडर वैतागून म्हणाला, "ही टोपलीच अवदसा आहे!" आणि त्याने मला मागच्या बोळकांडीत, पाण्याच्या मीटरशेजारी फेकले.

वाईट हात ओळखता येतो. चांगल्या हाताचे काय करायचे, ते मला तिथे पडल्या पडल्या समजेना.

बाबा

त्या बोळकांडीत एक दिवस विजेरीचा उजेड पडला. पाणी खात्यात मीटर वाचणारे गृहस्थ उकिडवे बसून आकडे टिपून घेत होते. चौतीस वर्षे ते हेच काम करत होते, आणि तो त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते.

"ही कशाला पडलीय इथे?" त्यांनी विचारले.

"न्या हो काका, उपकार होतील," कंपाउंडर म्हणाला.

बाबांनी मला उलटी केली, हलवली, तारा दाबून बघितल्या. फुकट मिळालेल्या वस्तूकडे असे रोखून बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मनात म्हटले, हा आपल्यातला आहे.

चौतीस वर्षे बाबांनी एकच विद्या केली. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरच्या काचेतली बारीक चांदणी बघायची. नळ बंद असूनही चांदणी फिरते आहे, म्हणजे कुठेतरी गळती आहे, नाहीतर कोणीतरी चोरते आहे. ते म्हणायचे, "पाणी स्वतःहून कुठे जात नाही. कोणीतरी नेतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही सगळे त्यावरच घसरलो.

मधली वर्षे (लवकर आटोपते)

स्वयंपाकघरात, खिडकीशी. माझ्यात कांदे, लसूण, कधी दोन लिंबे. कांद्याला कोणी पाणी घालत नाही, त्यामुळे ती वर्षे माझी सुखाची गेली. लेकीची आई कांदा काढताना मला हलकेच धरायची, म्हणजे मी झुलू नये. मग एक दिवस ती नव्हती. त्यानंतर कांदे कोणी माझ्यात भरले नाहीत. ते पिशवीतच राहू लागले.

रोपवाली

वर्षभराने लेक म्हणाली, "बाबा, दिवसभर नुसते बसून असता. गॅलरीत एखादं झाड लावू या की."

"पाणी कोण देणार त्याला? एक दिवसाआड नळ येतो आपल्याकडे."

"कमी पिणारं आणू."

लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावते आणि निकालाची वाट बघते. अंदाजाने कोणी काही बोललेले तिला खपत नाही. बाप संशयी आणि लेक पुराव्याची. अशा घरात मी काय स्वभावाची होणार?

मला घेऊन दोघे रोपे विकणाऱ्या बाईंकडे गेले.

"जागा किती आहे?" रोपवालीने विचारले.

"दीड हात रुंद. कुंडी खाली ठेवली तर आम्ही बाहेर उभं राहायचं."

"म्हणजे टांगतीच हवी. ऊन?"

"दहा ते एक. तुम्ही पाण्याचं बोला."

तिने एक नेचा पुढे केला. माझ्या तारा शहारल्या. बाबांनी त्याची पातळ पाने बोटांत धरली आणि म्हणाले, "हे पिणारं घराणं दिसतंय. नको."

रोपवाली हसली. "काका, तुम्हाला खूण सांगते. पान दाबून बघायचं. जाड, मांसल लागलं, म्हणजे त्यानं आपलं पाणी आपल्याच खिशात ठेवलंय. पातळ पान रोज तुमच्या दाराशी मागायला येणार. त्यात टांगत्या टोपलीला चहूबाजूंनी वारा लागतो, ती लवकर सुकते. म्हणून तिच्यात खिशात पाणी ठेवणारीच जात लावायची."

"स्वतःची टाकी असलेली," बाबा म्हणाले. त्यांना हे फार पटले.

तिने चिनी गुलाब दिला. सकाळी उघडणारी, दुपारी मिटणारी फुले, सुईसारखी गुबगुबीत पाने. माती कशी करायची तेही सांगितले. एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू, एक वाटा विटांचा चुरा. "आणि पाण्याला खालून वाट मोकळी ठेवा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मान हलवणे म्हणजे मान्य करणे नव्हे.

घरी येऊन त्यांनी काथ्याच्या अस्तरावर आतून जाड प्लास्टिक पसरले, कडा दुमडून बसवल्या, मग वर माती भरली. "एक थेंब खाली जाता कामा नये," ते स्वतःशीच बोलले. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी हेही एक कारण होतेच. पण खरे कारण चौतीस वर्षांचे होते. गळणारी वस्तू त्यांना बघवत नसे.

मला त्या दिवशी ओरडायला हवे होते. टोपल्यांना ओरडता येत नाही, ही सबब आहे.

पहिले मरण

दोन महिने मी फुलांनी भरून गेले. बाबा दहा दिवसांनी एकदाच, स्टीलच्या ग्लासाने, कडेकडेने पाणी घालायचे आणि भिंतीवर खडूने एक रेघ ओढायचे. रस्त्यावरची माणसे मान वर करून बघायची. लेक म्हणायची, "बाबा, तुमचा हात चांगला आहे हो."

ऊन वाढू लागले. वरच्या मजल्यावर सामान घासत नेल्याचा आवाज आला. कोणीतरी नवीन राहायला आले असावे. हे मी सहज सांगते आहे.

मग देठ काळे पडले. पंधरा दिवसांत चिनी गुलाबाचा चिखल झाला.

रोपवालीने बोटाने माती चाचपली. "पाणी जास्त झालं, काका."

"दहा दिवसांनी एक ग्लास!"

"माती खोटं बोलत नाही."

बाबांनी स्वतः मातीत बोट घालून बघितले. लेकीने त्यांच्याकडे बघितले. तो बघण्याचा प्रकार मला ओळखीचा होता. दवाखान्यात डॉक्टर असेच बघायचे.

दुसरे मरण

या वेळी जाड मण्यांच्या वेण्या सोडणारे रोप आणले. रोपवाली त्याला गाढवशेपटी म्हणते. पंधरा दिवसांनी एक ग्लास. भिंतीवर दोन रेघा झाल्या आणि वेण्यांचे मणी मऊ पडून गळू लागले. मातीला डबक्याचा वास.

त्या संध्याकाळी लेक फोनवर बोलत होती. पलीकडे तिचा दादा होता, दूरच्या शहरात राहणारा. मी खोलीकडे तोंड करून होते.

"परवा किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, दादा... हो, दूधही उतू गेलं, ते माझ्याकडूनही जातं, पण हे झाड बघ ना. पाणी घालतात आणि विसरतात. परत घालतात. भिंतीवर रेघ ओढायची तेवढी विसरतात."

पलीकडून दादाचा आवाज एवढा मोठा होता की मला ऐकू आला. "मग आण त्यांना इकडे! तू दिवसभर बाहेर. इथे लक्ष ठेवायला बाई आहे. ती खोली सोडून दे, तूही मोकळी हो."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

"त्याच्याकडे मला खिडकीपाशी ठेवतील," ते म्हणाले. "ऊन येईल अशा बेतानं. आणि वेळेवर पाणी देतील."

"बाबा, तसं नाही..."

"मी विसरत नाहीये, पोरी."

"मग माती ओली कशी?"

"ते मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं? एक काम कर. अजून एक झाड आण. ते मेलं, तर मी स्वतः बॅग भरतो. ते जगलं, तर दादाला सांगायचं, बाबा कुठे जात नाहीत."

असे ते ठरले. एका म्हाताऱ्याचे घर माझ्या तीन साखळ्यांना बांधले गेले. मला कोणी विचारले नाही.

जबाब (नंतर मागे घेतला आहे)

मी तिरक्या टोपलीची शपथ घेऊन सांगते की पाणी बाबाच ओततात. एका दुपारी ते ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे होते. ग्लास भरलेला होता. वारा आला, मी रस्त्याकडे फिरले. परत फिरले तेव्हा ग्लास रिकामा होता. आणखी पुरावा काय हवा?

दुसरा जबाब (हाही मागे घेतला आहे)

पाणी लेक ओतते. ती एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चपला हातात घेऊन घरात आली. बाबा आत झोपले होते. ती पाय न वाजवता गॅलरीत आली आणि तिने माझ्या मातीत बोट खुपसले. मग मी फिरले. बापाला दादाकडे धाडायचे असेल, तर झाडाला बुडवण्याइतका सोपा उपाय नाही.

हे बाबांच्याही मनात आले होते. तिच्या चपलेचा पट्टा दारात तुटून पडलेला त्यांना सापडला. संध्याकाळी ते म्हणाले, "दुपारी घरी आली होतीस?"

"हो. बघायला आले होते."

"काय बघायला?"

"तुम्ही काय करता ते."

"मी झोपलो होतो."

"ते बघितलं."

त्या दिवशी दोघांनी जेवताना एकमेकांना काही वाढले नाही. आपापले घेतले.

मित्रांनो, खरे सांगू? मी दोघांवर संशय घेत होते आणि मला त्यात थोडे बरे वाटत होते. आजवर झाड मेले की दोष माझा असे. आता निदान आरोपी तरी दुसरे होते.

तिसरे रोप

मोत्यांची माळ. देठ म्हणजे दोरा, आणि त्यावर हिरवे गोल मणी. अकरा माळा माझ्या कडेवरून खाली उतरल्या.

"सगळ्यात कमी पिते," रोपवाली म्हणाली, "आणि जास्त झालं तर सगळ्यात आधी मरते. जपा."

बाबांनी ते रोप दोन्ही हातांत धरून घरी आणले. माती बदलली. प्लास्टिक मात्र तेच राहिले, पुसून परत बसवलेले.

आठवड्याने एक माळ खालून पिवळी झाली. बाबांनी अजून एक थेंबही घातला नव्हता. भिंतीवर या रोपाची एकही रेघ नव्हती.

त्यांनी कपाटातून आपली जुनी कामाची पिशवी काढली. तिच्यातून चार गोष्टी निघाल्या. एक ताणकाटा, वस्तू टांगून वजन करायचा. सील करायची तार. शिशाच्या बारीक गोळ्या. आणि त्यांच्यावर ठसा उठवायचा चिमटा.

"रविवारी मावशीकडे जायचंय ना?" ते लेकीला म्हणाले. "दोघं जाऊ. दिवसभर."

काट्याच्या नोंदी

हूक आणि माझी कडी यांच्यामध्ये ताणकाटा अडकवला. मग जे झाले ते बाबांच्या वहीत असे लिहिले आहे:

*सकाळी नऊ. दोन किलो तीनशे. वाचणारे: मी. पडताळणी: लेक.*

*सव्वानऊ. गॅलरीच्या दाराला तार, तारेला शिसे, शिशावर चिमट्याचा ठसा. सर्व नळ बंद.*

*साडेनऊ. घराला कुलूप. किल्ली लेकीच्या पर्समध्ये.*

मीटरला सील करतात ना, तसे त्यांनी आपल्याच घराच्या गॅलरीला केले. आता माझ्यापर्यंत ना बाप येऊ शकत होता ना लेक. घर रिकामे झाले. मी एकटीच, काट्याला लटकलेली. रस्ता, खोली, रस्ता, खोली. मी कान टवकारून होते. कोणीही आले नाही. शपथेवर सांगते, कोणीही नाही.

*संध्याकाळी पाच. सील शाबूत. दोन किलो सातशे पन्नास.*

लेकीने आकडा वाचला. चष्मा पुसला. परत वाचला.

"बाबा... चारशे पन्नास ग्रॅम."

"तू नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्हीही नाही."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. ते बघणे कसे होते ते मला नीट सांगता येणार नाही. नेमकी तेव्हा मी रस्त्याकडे वळले.

बाबा माझ्याखाली उकिडवे बसले, जुन्या सवयीने, मान खाली घालून. "पाणी स्वतःहून कुठे जात नाही," ते पुटपुटले. "कोणीतरी नेतं. कोण? कुठून?" त्यांनी फरशी तपासली. मोरीचे भोक तपासले. कठड्यापलीकडे वाकून बघितले.

मित्रांनो, पाण्याचे मीटर नेहमी जमिनीलगत असतात. चौतीस वर्षे बाबांनी चोर शोधला तो खाली बघूनच.

टप्.

त्यांच्या टकलावर एक थेंब पडला.

त्यांनी मान वर केली.

"पोरी, स्टूल आण."

लेकीने स्टूल धरले. बाबांनी वर चढून हुकाला बोट लावले. बोट ओले झाले. छताच्या खालच्या अंगाने, केसाएवढ्या जाडीचा एक ओघळ हुकाकडे येत होता. हुकावरून काट्यावर, काट्यावरून कडीवर, कडीवरून माझ्या आखूड साखळीवर, आणि साखळीवरून सरळ मातीत. आवाज नाही. एकदम ओझे नाही. माझ्याच अंगावरून चोर रोज ये-जा करत होता आणि मी घरच्या माणसांवर नजर ठेवून होते.

वरची

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायला आली होती. कायम रात्रपाळी. त्यामुळे ती दुपारभर एसी लावून झोपायची. बोलावल्यावर ती खाली आली, केस अर्धे विंचरलेले, कामावर जायच्या घाईत. तिने कठड्याबाहेर वाकून वर, आपल्या गॅलरीच्या तळाशी बघितले.

"अगं बाई! एसीवाल्यानं नळी वीतभर आखूड ठेवलीय की. पाणी बाहेर पडायच्या ऐवजी स्लॅबवरच..." ती थांबली. "म्हणजे काका, मी वर झोपते आणि खाली तुमचं झाड बुडतं?"

"तुम्ही झोपा हो," बाबा म्हणाले. "नळीला झोप लागत नाही, तिचं बघू."

"तीन महिने! मला एकदा हाक तरी मारायची."

"आम्ही एकमेकांना हाका मारण्यात गुंतलो होतो," लेक म्हणाली. नर्सला ते कळले नाही. बाबांना कळले.

दुसऱ्या दिवशी नळी लांब झाली. पण गोष्ट तिथेच संपली असे समजू नका. माळ वाचवायची म्हणून लेकीने मला खाली उतरवून माती उपसली आणि तळाशी तिच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागले. त्यात बोटभर काळे पाणी साचलेले.

"बाबा, हे प्लास्टिक कोणी घातलं?"

बाबांनी वाकून ते काळे पाणी बघितले. मग म्हणाले, "पाणी वरचं. बंधारा माझा."

"रोपवालीनं सांगितलं होतं ना, खालून वाट मोकळी ठेवा म्हणून?"

"सांगितलं होतं. गळू द्यायचं मला जमत नाही, पोरी. कधी शिकलोच नाही."

लेकीने प्लास्टिक फेकले नाही. तिने त्याला दाभणाने चाळणीसारखी भोके पाडली आणि दाभण शेवटच्या भोकासाठी बाबांच्या हातात दिले. अकरातल्या तीन माळा जगल्या. त्यांचे तुकडे मातीवर आडवे ठेवले, त्यांना मुळे फुटली. उन्हाळा सरेपर्यंत सात माळा झाल्या.

दादाचा फोन आला तेव्हा लेक म्हणाली, "बाबा कुठे जात नाहीत. तपासणी झाली. काही निघालं नाही." आणि फोन ठेवून ती हसली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

मी माझे दोन्ही जबाब मागे घेतले. त्या दुपारचा ग्लास बाबांनी स्वतःच प्यायला होता. माणसांनाही तहान लागते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

जे सांगणार नव्हते

ताणकाटा अजून आहे. कोणी काढलाच नाही. बाबा रोज सकाळी तो वाचतात आणि काटा दोन किलो तीनशेच्या खाली उतरला की एक ग्लास घालतात.

गेल्या आठवड्यात नर्स दहा दिवसांसाठी गावाला गेली. तिची बॅग बाबांनीच जिन्यावरून खाली नेली. वरचा एसी बंद, नळी कोरडी.

त्यानंतरच्या एका सकाळी बाबांनी मला एक ग्लास पाणी घातले. भिंतीवर रेघ ओढली. आत गेले. पेपर वाचल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते परत आले. हातात भरलेला ग्लास. त्यांनी काट्याकडे बघितले नाही. कडेकडेने, काळजीपूर्वक, त्यांनी तो ग्लास माझ्यात ओतला आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली.

वारा नव्हता. मी खोलीकडेच तोंड करून होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. त्या दिवशी वारा हवा होता.

संध्याकाळी लेक आली. चपला काढता काढता तिची नजर काट्यावर गेली. मग भिंतीवर गेली. दोन रेघा, दोन्हींचा खडू ताजा. बाबा तिच्या मागे उभे होते. तिने काय वाचले, ते त्यांनीही वाचले. आकडे वाचण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते.

 माझ्या तळाच्या भोकांतून अजूनही पाणी टपकत होते. टप्. टप्.

लेकीने अंगठा ओठाला लावून ओला केला आणि एक रेघ पुसून टाकली.

"वरची नळी परत निसटली वाटतं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी वर बघितले. मग तिच्याकडे.

"असेल," ते म्हणाले.

पूर्वीचे बाबा थेंब पडताना दिसला की वाटी घेऊन धावले असते. त्या दिवशी ते धावले नाहीत. लेकीच्या शेजारी उभे राहून त्यांनी माझे पाणी गळू दिले, सगळे, शेवटच्या थेंबापर्यंत. मला हलके हलके होत गेल्याचे कळत होते. खालच्या काकू चादरीवरून ओरडल्या. "सॉरी हो काकू," लेक म्हणाली, आणि बाबा चक्क हसले.

तर मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुमच्याकडे जागा थोडी असेल, पाणी थोडे असेल, तर जाड पानांचे झाड टांगा आणि त्याच्या पाण्याला खाली जायला वाट ठेवा. घालण्याआधी बोट दोन पेरे आत घालून बघा. ओले लागले तर हात आवरा, मग तुम्हाला कितीही दया येवो. झाड कुजू लागले तर घरातल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा मान वर करून बघा. आणि काट्याने कधी खरोखरच घरच्या माणसाचे नाव सांगितले, तर ते मोठ्याने वाचायलाच हवे असे नाही.

आता जा. तो ग्लास तुम्हीच पिऊन टाका.

आणि त्या पुसलेल्या रेघेबद्दल कुठे बोलू नका. लेक बोलणार नाही, बाबा बोलणार नाहीत. बाहेर मी फक्त तुम्हालाच सांगितले आहे. ही गोष्ट दादाच्या कानावर गेली, तर कोणी सांगितली ते मला बरोबर कळेल.